चल बदलला, ओंडका तोच

अवघड समाकलन फळ्यावर सुटलं की विद्यार्थी हमखास विचारतात, ‘पण सर, हे सबस्टिट्यूशन सुचलं कसं?’ या प्रश्नामागे एक धास्ती असते, की हे फक्त हुशारांनाच सुचतं. आज आपण ही धास्ती तपासू. चल बदलणं म्हणजे भाषांतर करणं, आणि भाषांतराचे नियम शिकता येतात.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. आलापल्लीचं सागवान, बल्लारपूरचा लाकूड डेपो. ओंडक्याची लांबी आणि घेर, म्हणजे गोलाई, टेपनं मोजता येते. त्रिज्येसाठी मात्र ओंडक्याच्या पोटात टेप कशी घालणार?

समजा ओंडका ४ मीटर लांब आहे. बुंध्याकडे घेर १.६ मीटर, शेंड्याकडे १.२, आणि मधे एकसारखा निमुळता. म्हणजे दर मीटरला घेर ०.१ मीटरनं उतरतो. घेर ‘ग’ असेल, तर तिथल्या गोल छेदाचं क्षेत्रफळ होतं ग-वर्ग भागिले ४ पाय. आता मनातल्या मनात ओंडक्याच्या पातळ चकत्या पाडा, प्रत्येकीचं घनफळ काढा आणि बेरीज करा. हेच समाकलन. लाइब्निट्सनं १६७५ साली त्यासाठी योजलेलं चिन्ह म्हणजे ‘सुम्मा’, बेरीज, या लॅटिन शब्दातला लांबवलेला एस आहे. तो तत्त्वज्ञही होता, हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना सांगायला आवडतं.

बुंध्यापासूनचं अंतर क्ष धरलं, तर घेर होतो १.६ वजा ०.१ क्ष. याचा वर्ग उलगडता येईल, पण त्या सगळ्या कंसाला ‘ग’ हे एकच नाव दिलं तर काम सोपं होतं. मात्र भाषा बदलली की तीन गोष्टी बदलाव्या लागतात.

पहिली, राशी: कंसाच्या जागी ग. दुसरी, चकतीची जाडी: क्ष १ नं वाढला की ग ०.१ नं कमी होतो, म्हणून डीक्ष बरोबर उणे १० डीग. तिसरी, सीमा: क्ष ० ते ४ होता, तर ग १.६ ते १.२. उणे चिन्हानं सीमांची अदलाबदल होते. ग-वर्गाचं समाकलन ग-घन भागिले ३. १.६ चा घन ४.०९६, १.२ चा १.७२८, वजाबाकी २.३६८. तिला ३ नं भागा, १० नं गुणा, ४ पायनं भागा. उत्तर सुमारे ०.६२८ घनमीटर.

आता बघा, जाडी बदलायला विसरलो तर? उत्तर येतं उणे ०.०६३. उणे लाकूड! नेहमीची चूक हीच.

मग सुचतं कसं? एखादी राशी आत दडलेली आहे आणि तिचं विकलन शेजारीच उभं आहे का, एवढं पाहायचं. ‘क्ष गुणिले ई चा क्ष-वर्ग घात’ इथे आत क्ष-वर्ग आहे. त्याचं विकलन २ क्ष, आणि क्ष शेजारी हजर आहे. सुटलं! पण तो शेजारचा क्ष काढून टाका, मग नेहमीच्या फलनांत उत्तर लिहिताच येत नाही. फ्रान्सच्या ल्यूव्हिलनं १८३० च्या दशकात जो सिद्धांत मांडला, त्यातून हे सिद्ध होतं. म्हणजे प्रत्येक वेळी न सुटणं हा तुमचा कमीपणा नसतो.

जाता जाता एक. लाकडाच्या व्यवहारात एक जुनी रीत आहे: मधल्या घेराचा चौथा भाग घ्या, वर्ग करा, लांबीनं गुणा. आपल्या ओंडक्याला ती लावली तर ०.४९ घनमीटर येतात. ०.६२८ कुठे आणि ०.४९ कुठे! ही रीत चिरताना जाणारं लाकूड आधीच वजा धरते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न वेगळे आहेत. म्हणून आकडा ऐकला की आधी विचारायचं, हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?

घरी तो कंसाचा वर्ग उलगडून, क्ष तसाच ठेवून हे समाकलन करून पाहा. ०.६२८ च येईल. भाषा आपण बदलली होती, ओंडका तोच आहे.