पाठीवरचा बंब

आज बोलायचे आहे ते एका सोंगाविषयी. व्यासपीठाच्या मानाने विषय पोरकट आहे खरा. पण या सोंगाने मला पदार्थविज्ञानाचे दोन धडे दिले, आणि तेही उतारवयात!

माझ्या पुतणीने स्नेहसंमेलनासाठी ‘स्टीमपंक’ वेष करायचे ठरवले. हा शब्द के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली ‘लोकस’ नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रातून रूढ झाला. विजेने जग व्यापले नसते आणि वाफेचेच राज्य चालू राहिले असते, तर यंत्रे कशी दिसली असती, ही त्यामागची कल्पना. ज्यूल व्हर्नची पाणबुडी या पंथाला फार प्रिय. १९५४ च्या डिस्ने चित्रपटात हार्पर गॉफ यांनी तिला रिव्हेट ठोकलेले पोलादी रूप दिले. गंमत अशी, की मूळ कादंबरीतील पाणबुडी चालते विजेवर! असो.

पुतणी म्हणाली, “काका, आपल्या आजीचा बंब होता ना, तसला मला पाठीवर हवा.” मला ते फार आवडले. वाफेचे युग शोधायला परदेशी जायला नको. ते आपल्या न्हाणीघरातच धुमसत होते.

खरा बंब मुलीला पेलणार नाही, म्हणून थर्मोकोलचा नळकांडा केला. संमेलनाला आठ दिवस होते. गच्चीवर फवाऱ्याच्या डब्यातला तांबूस रंग मारला, आणि पाहता पाहता बंबाला खड्डे पडले. दहा मिनिटांत त्याचे वाळलेले वांगे झाले. पोर एक शब्द न बोलता जिना उतरून गेली. ते मला रडण्याहून जड गेले.

कारण साधे होते. थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरिनचा फेस. त्यात बहुतेक हवाच. फवाऱ्याच्या रंगातील द्रावकाने त्या पेशींच्या पातळ भिंती विरघळल्या, की आतली हवा निघून जाते आणि सांगाडा बसतो. दुसऱ्या नळकांड्यावर आम्ही वर्तमानपत्राचे चार थर खळीने चिकटवले, ते दोन दिवस वाळवले आणि पाण्यात कालवायचा रंग हाताने लावला. आधी काळा, मग त्यावर तांबूस रंगाचा जवळजवळ कोरडा बोळा. खोलगट जागी काळे राहते, उंचवटे चमकतात, आणि कागदाला वापरलेल्या धातूची कळा येते.

झाकण मात्र खऱ्या पितळेचे हवे, हा माझा हट्ट. पत्रा घेऊन घुमट ठोकू लागलो. सुरुवातीला तो मुकाट्याने वाकला. मग हातोडी उडू लागली, आणि कडेला टिचकन तडा गेला. दुसऱ्या पत्र्याची तीच गत. शेवटी तो घेऊन कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. तिथल्या एका वृद्ध कारागिराने पत्रा बोटाने वाजवला आणि विचारले, “ताव किती वेळा दिलात?” मी एकदाही दिला नव्हता!

तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली तर ती आधी ताठ होते आणि मग तुटते, हे आपण सर्वांनी केले आहे. ठोकताना पितळेचे तेच होते. आतील स्फटिक दडपले, विस्कटले जातात आणि त्यांना सरकायला वाव राहत नाही. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवला, की जुन्या मोडक्या स्फटिकांच्या जागी नवे निर्माण होतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. पोलादाप्रमाणे पितळ पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही. ताव अति झाला तर मात्र पत्रा बिघडतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून तांबट सावलीत बसून रंग पाहतो. त्या गृहस्थांनी मला तीनदा ताव देऊन घुमट ठोकायला लावला. हातोडी एकदाही हातात घेतली नाही. नुसते “आता थांबा” म्हणत होते.

रिव्हेट म्हणून अर्धे मोती चिकटवले. पुतणीने ते शोभेला दूरदूर लावले होते. पण खऱ्या बाष्पकाच्या सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून रिव्हेट जवळजवळ असतात. ती मुकाट्याने उठली आणि सगळे मोती उपटून नव्याने लावले. वजन पाठीशी घट्ट राहावे म्हणून पट्टे उंच बांधले, इतकेच.

संमेलनात एका आजींनी तिला थांबवून विचारले, “यात पाणी किती मावते गं?”

“दोन घागरी,” ती म्हणाली, “पण आधी राख काढायला हवी.”