नंदुरबारचा उन्हाळा, ईथरची बाटली आणि अ‍ॅसिडचं रजिस्टर

डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. हा आकडा आपण पाठ केलेला असतो, पण तो कधी नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या उन्हाळ्याशेजारी ठेवून पाहत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. पुस्तकातलं ‘रूम टेंपरेचर’ २५ अंश, आपलं त्यापेक्षा कितीतरी जास्त. दुपारी ए.सी. नसलेल्या लॅबमध्ये ईथर उघडणं म्हणजे जवळपास उकळतं द्रावण उघडणंच.

एम.एस्सी.ला मिश्रण वेगळं करताना सेपरेटिंग फनेलमध्ये ईथर हलवतो, तेव्हा आत दाब वाढतो. उन्हाळ्यात तो फार पटकन वाढतो, म्हणून एक-दोनदा हलवलं की कॉक उघडून वाफ सोडायची, तोंड माणसांपासून दूर धरून. ही वाफ हवेच्या अडीच पटीहून जड असते. ती वर न जाता टेबलावरून, जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या बर्नरपर्यंत पोहोचते. आणि ज्योतच लागते असं नाही, साधारण १८० अंशाला तापलेली हॉटप्लेटही पुरते.

मग बाटली फ्रिजमध्ये ठेवू, असं सहज वाटतं. घरगुती फ्रिजमध्ये अजिबात नको! आत थर्मोस्टॅट आणि दिव्याचा स्विच असतो, ठिणगी पडू शकते आणि बंद पेटीत वाफ साठलेली असते. त्यासाठी आतून ठिणगी न पडणारा, ज्वालाग्राही द्रव्यांसाठीचाच फ्रिज लागतो. तो नसेल तर उन्हाळ्याआधी लागेल तेवढंच ईथर मागवावं. उरलेलं ईथर हवा-प्रकाशात पेरॉक्साइड तयार करतं, आणि जुनी बाटली कोरडी होईपर्यंत डिस्टिल केली तर स्फोट होऊ शकतो. आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडमध्ये थोडं ईथर हलवून पाहा: पिवळा-तपकिरी रंग आला तर पेरॉक्साइड आहे. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर मात्र बाटलीला हातच लावू नका, सरांना बोलवा.

वीज गेली की फ्यूम हूडचा पंखा थांबतो, हे लक्षात राहतं. वीज परत आली की चालू राहिलेला हीटिंग मँटल आपोआप तापायला लागतो, हे राहत नाही. म्हणून लाइट गेल्याबरोबर आधी मँटलचं बटण बंद, मग हूडची काच खाली.

आता दुसरी बाजू, म्हणजे रसायन बाहेर जाऊ नये याची. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ ला अ‍ॅसिडविक्रीवर बंधनं घातली. दुकानदारांबद्दलचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच आदेशात शिक्षणसंस्था आणि संशोधन प्रयोगशाळाही आहेत. अ‍ॅसिडच्या वापराचं रजिस्टर ठेवायचं, ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायचं, एक व्यक्ती जबाबदार नेमायची आणि लॅबमधून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. हा आदेश अ‍ॅसिडहल्ल्यात जळालेल्या मुलीच्या याचिकेवर आलेला आहे, त्यामुळे त्याला नुसती कागदपत्रं समजू नये.

माझ्या मते यात तपासणीपेक्षा रजिस्टर जास्त कामाचं. दप्तरं रोज कोण उघडणार? पण दर आठवड्याला बाटलीतली पातळी आणि रजिस्टरमधली शिल्लक जुळवली, तर अर्धा लिटर सल्फ्युरिक कमी झालेलं लगेच कळतं. वर्षाअखेरीस एकदम भरलेल्या रजिस्टरमध्ये ते कधीच कळणार नाही.

पीएच.डी.ला लागलात की ज्युनिअर बॅचचं प्रॅक्टिकल बहुधा तुमच्याकडे येईल. पहिल्या दिवशी विचारून घ्या: जबाबदार व्यक्ती कोण, रजिस्टर कुठे, आणि कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे.