खोटे आहे हे ठाऊक असूनही भीती का वाटते?

कर्जतचा म्हणून ओळखला जाणारा एन. डी. स्टुडिओ खालापूर तालुक्यात, चौकजवळ आहे. 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासाठी आग्र्याचा किल्ला तेथेच उभारला होता. अशा सेटची भिंत समोरून दगडी दिसते. मागे मात्र लाकूड आणि प्लास्टर!

भयपटही असाच रचलेला असतो. तरीही 'तुंबाड' (२०१८) पाहताना आपली छाती धडधडतेच. असे का?

अंधार, दबकी पावले, मग अचानक किंकाळी. हे जाणवताच मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याचा इशारा देतो. अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते. नाडी जलद चालते, तळहातांना घाम सुटतो. 'हे खोटे आहे' असा विचार करेपर्यंत शरीर पळायला तयार झालेले असते! मग विचार ताबा घेतो आणि मोठ्यांना या भीतीची गंमतही वाटते.

लहान मुलांचा हा ताबा अजून कच्चा असतो. म्हणून मोबाईलवर भयपट पाहिलेले मूल रात्री अंगणात जायला घाबरले, तर आपण त्याला भित्रे म्हणू नये. 'खोटेच असते ते' एवढे सांगूनही भागत नाही.

त्यापेक्षा वर्गात एक प्रयोग करू. मुलांच्या वयाला साजेशा चित्रपटातील एखादा थरारक प्रसंग एका गटाला आवाजासह, दुसऱ्याला आवाज बंद करून दाखवू. प्रसंगाआधी आणि लगेच नंतर प्रत्येकाने आपली नाडी मोजावी. फरक कोणत्या गटात जास्त पडला? भिंतीमागे जाऊन पाहण्याचाच हा एक मार्ग आहे.