टाकीत उतरण्यापूर्वी

सेप्टिक टँकला आपल्याकडे अनेक जण ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. नावातील ही ‘सेफ्टी’ किती फसवी आहे, हे कामगार गुदमरल्याच्या बातम्या वाचताना आपल्याला जाणवते. घटनाक्रम बहुधा तोच असतो : एक जण उतरतो व कोसळतो, त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण इतरांना वाचवू पाहणारे होते, असे अमेरिकेतील ‘नायॉश’ या संशोधन संस्थेने १९८६ साली नोंदविले होते.

मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला कुजक्या अंड्यांचा दर्प येतो. मात्र हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला, असे वाटू लागते. हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे कुचकामी आहे. मिथेन असल्यास भडका उडेल तो वेगळाच. तोंडाला बांधलेल्या रुमालाविषयी न बोललेलेच बरे.

पाण्याची नवी कोरी टाकीही निर्धोक नसते. सेंट्रिंगच्या ओल्या फळ्या बंद टाकीत कुजताना प्राणवायू संपवीत जातात. त्याला ना रंग, ना वास.

प्रशिक्षणात प्रथम वायुमापक दोरीने सोडून वर, मध्ये व तळाशी हवा तपासण्यास शिकवितात. कामगाराच्या अंगावर हार्नेस व त्याचा दोर तिकाटण्यावर हवा, म्हणजे आत न उतरता त्याला ओढून काढता येते. बाहेर उभ्या असलेल्या सोबत्याचा धडा सर्वांत कठीण : स्वतः उतरायचे नाही. सख्खा भाऊ डोळ्यांदेखत कोसळला असताना हे सरावाविना कोणालाही साधणार नाही.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. तो ठेकेदाराइतकाच घरमालकालाही लागू आहे. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. आपण मात्र टाकी उपसणाऱ्याला ‘किती घेणार?’ एवढेच विचारतो. आपल्या सोसायट्या, शाळा व सभागृहांनी मैला उपसणारी गाडीच मागवावी.

कोणी आत कोसळलाच, तर १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवावे, सर्व झाकणे उघडावीत, जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नये व दुसऱ्या कोणालाही उतरू देऊ नये.