रिपोर्टातली ती एक ओळ

मैत्रिणींनो, करोनाच्या साथीत ‘अँटिबॉडी’ हा शब्द घरोघरी पोचला. पण ही अँटिबॉडी करते तरी काय?

आपल्या पेशींवर कुलपांसारखी प्रथिनं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. करोनाच्या विषाणूवरचं काटेरी प्रथिन त्या कुलपात किल्लीसारखं बसतं नि विषाणू आत शिरतो. अँटिबॉडी त्या काट्यालाच चिकटते. किल्लीच्या दातांवर मेण थापलं तर ती कुलपात जाईल का? तसंच हे!

स्तनाच्या कर्करोगात मात्र अँटिबॉडी थेट कुलपावर जाऊन बसते. शंभरातल्या साधारण 15 ते 20 जणींच्या गाठीत ‘हर-टू’ हा रिसेप्टर बेसुमार वाढलेला असतो. ‘वाढ, वाढ’ असा निरोप तो पेशीला सारखा देत राहतो. ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी तो निरोप अडवते. अमेरिकेत 1998 साली तिला मान्यता मिळाली. भारतात तयार झालेलं, त्यामानानं स्वस्त असं याच जातीचं औषध 2014 पासून मिळतं.

पण ज्या गाठीत हर-टू वाढलेलं नाही, तिथे हे औषध देत नाहीत. म्हणून आधी तपासणी हवी. गंमत म्हणजे तीही अँटिबॉडीनंच होते! गाठीच्या पातळ कापावर ती लावतात. हर-टू असेल तिथे तपकिरी रंग चढतो. रिपोर्टात 3+ असेल तर हर-टू वाढलेलं आहे. 2+ असेल तर ‘फिश’ ही पुढची तपासणी करावी लागते. 0 किंवा 1+ असेल तर घाबरू नका, उपचार वेगळे असतात. हे औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून अधूनमधून ‘इको’ काढतात. तो चुकवू नये.

अशा संशोधनाचं नि उपचाराचं एक मोठं ठिकाण आपल्या नवी मुंबईत आहे: खारघरचं, टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’. डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली 1952 साली परळला सुरू झालेली कर्करोग संशोधनाची संस्था 2002 साली इथे आली. दुसरीकडे तपासणी झाली असेल, तर मोठ्या रुग्णालयात जाताना गाठीचा मेणातला ब्लॉक नि काचपट्ट्या मागून बरोबर न्या. तेवढ्यावरून पुन्हा तपासता येतं.

आणि एक सांगू? फाईल घेऊन घरची माणसं आत जातात नि आपण बाहेर बाकावर बसून राहतो. तसं करू नका. शरीर आपलं आहे. डॉक्टरांना स्वतः विचारा, “माझं हर-टू किती आलंय?”