लंगोटातील अस्तर

धुऊन पुन्हा वापरावयाच्या लंगोटाविषयी आईबापांची जी मुख्य तक्रार असते ती लंगोटाबद्दल नसून त्यातील मल धुण्याबद्दल असते, आणि तिच्या निवारणार्थ बालकाच्या त्वचेलगत जी पातळ पट्टी अंथरावयाची, तिला बाजारात लायनर म्हणतात. मूत्र तिच्यातून झिरपून खालच्या शोषक घडीत उतरते, मल तेवढा वर राहतो, आणि पट्टी दोन टोकांनी उचलून तो शौचकूपात टाकला की धुवावयास केवळ ओले कापड उरते. जांघेतील पुरळावर लावलेले मलम लंगोटात मुरून त्याची शोषणशक्ती घटविते. तेही ही पट्टी अडविते.

या उपयुक्त जिनसेला पर्यावरणस्नेही हे विशेषण मात्र फार उदारपणे लावले जाते. एकदा वापरून टाकावयाच्या पट्ट्या बहुधा व्हिस्कोजच्या असतात. त्यांच्या वेष्टनावर बांबूचे हिरवे पान असले, तरी बांबूच्या लगद्यापासून तो मऊ धागा काढण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड ही घातक रसायने सर्रास वापरली जातात, आणि असा माल नुसता 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली कारवाई केली. निर्भेळ व्हिस्कोज मातीत कुजते, हा त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे. मक्यासारख्या पिकांतील पिष्टापासून केलेल्या पॉलीलॅक्टिक आम्लाच्या पट्टीस मात्र सुमारे ६० अंश सेल्सियस उष्णतेची खतभट्टी लागते. परसातल्या खड्ड्यात ती दीर्घकाळ तशीच पडून राहते. फ्लीस या लवदार कापडाची पट्टी धुता येते व ती त्वचाही कोरडी ठेवते, पण ते बहुधा पॉलिएस्टरचे असल्याने प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर वाहून जातात.

पट्टी मलासकट शौचकूपात सोडण्याची मुभा काही कारखानदार देतात, ती मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. जी वस्तू ओली होऊनही फाटू नये अशा बेताने बनविली, ती नळात गेल्यावर सुटी होईल कशी? ती वळणावर अडकते, तिला केस आणि चरबी चिकटते, आणि तुंबलेले गटार मोकळे करण्याचा भार ज्या सफाई कामगारावर पडतो, त्याचा विचार वेष्टनावरील मजकुरात कोठेच नसतो. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने डायपरसारखा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी विनंती नागरिकांना केली, ती अशाच कष्टकरी हातांच्या रक्षणासाठी. टाकाऊ पट्टीसही तोच नियम लावावा.

माझा कौल सुती जुनेराला आहे. आजीच्या धुवट लुगड्याची वीतभर रुंद, दीड वीत लांब पट्टी कापावी आणि कडा एकदाच दुमडून शिवावी, म्हणजे जाड शिवण मांडीला रुतत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अभ्यासात असे आढळले की, यंत्र पूर्ण भरून धुतलेले, दोरीवर वाळविलेले व दुसऱ्या अपत्यासही वापरलेले लंगोट, सरासरी रीतीने धुऊन वापरलेल्या लंगोटांच्या तुलनेत, हवामानावरील भार सुमारे ४० टक्क्यांनी कमी करतात. आपल्याकडे दोरीवर वाळविणे आणि धाकट्याला थोरल्याचे कपडे घालणे ही तर घरोघरची रीत आहे. पट्टी विरून गेली की तुकडे करून खतात घालावी. मात्र त्यासाठी ती प्रथमपासून सुती दोऱ्यानेच शिवलेली हवी, कारण शिंप्याकडचा नेहमीचा पॉलिएस्टरचा दोरा कापड कुजून गेल्यावरही खतात तसाच सापडतो.