सातबाऱ्याला तिथं गुण नाहीत

ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पसरलं होतं. बांधावर बसून आबांनी पिशवीतली फाईल काढली. वर सातबारा, त्याखाली आठ-अ, आणि तळाला मुलाचा पासपोर्ट.

"साहेब, तुम्ही जरा वाचून सांगा. पोरगं कॅनडाला जायचं म्हणतंय. शहरातल्या एजंटानं सहा लाख सांगितल्यात. वीस गुंठं काढायचं ठरलंय."

करवीर तालुक्यातलं हे घर. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट. जमीन सगळी मिळून दोन एकर. मुलगा एकोणतीस वर्षांचा, पॉलिटेक्निकची पदविका घेतलेला, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. सून बी. ए. झालेली. पदरी तीन वर्षांची मुलगी.

असं घर आता एकच राहिलेलं नाही. कारखान्याचं बिल, सोसायटीचं कर्ज आणि वाटण्या होऊन उरलेले गुंठे यांचा मेळ बसेना, म्हणून शिकलेली पोरं परदेशाचा विचार करतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या जोरावर घर हा खर्च करायला निघतं ती जमीन तिकडच्या हिशोबात कुठं बसते, हे विचारायला कोणी थांबत नाही.

सदुसष्ट गुणांचा उंबरठा

कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, गुणांवर देण्याची पद्धत १९६७ सालची आहे. जानेवारी २०१५ पासून कुशल कामगारांचे अर्ज एक्स्प्रेस एंट्री या पद्धतीनं घेतले जातात. त्यातल्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत १०० पैकी ६७ गुण लागतात. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, तिथल्या नोकरीच्या हमीला १० आणि जुळवून घेण्याच्या क्षमतेला १०. या यादीत शेती, घर, जनावरं यांना रकाना नाही.

आम्ही तिथंच वहीच्या पानावर मांडायला बसलो. वय ३५ च्या आत, म्हणून पुरे १२. पदविका तिकडच्या तपासणीत दोन वर्षांच्या पदविकेइतकी धरली गेली, तर १९. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, चारही भागांत सहा बँड पडले, तर १६. झाले ४७.

आता अनुभव. "सहा वर्षं झाली की मशीनवर," मुलगा म्हणाला. सहा वर्षांना १५ गुण मिळतात. पण कागद मागितले तेव्हा गोम कळली. पहिली तीन वर्षं ठेकेदाराकडं, पगार रोख, हजेरी त्याच्या डायरीत. कंपनीच्या पटावर आल्यालाही तीनच वर्षं झालेली. कागदावर दिसतात ती तीन, आणि तीन वर्षांना ११ गुण. बेरीज ५८ वर अडली.

"म्हणजे हातानं केलेलं काम मोजायचं न्हाईत व्हय?" आबांनी विचारलं.

मोजतात, पण कागदावरून. हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष करत असलेलं काम असं सगळं लिहिलेलं पत्र मालकानं द्यावं लागतं. आपल्याकडं शेकडो पोरं लेथवर, वेल्डिंगवर, गॅरेजात वर्षानुवर्षं काम करतात आणि त्यांच्याकडं नेमणुकीचा एक कागद नसतो. परदेशी जायचं असो वा नसो, पगाराची स्लिप आणि पीएफचा उतारा जपून ठेवायला आजपासून लागावं.

सुनेचे पाच गुण

पाणी घेऊन आलेली सून ऐकत उभी होती. तिला आम्ही सांगितलं की नवरा-बायकोपैकी जोडीदारानंही इंग्रजीची परीक्षा दिली आणि साध्या चौथ्या पातळीपर्यंत पोचला, तरी ५ गुण जादा मिळतात. "एजंटानं माझं तर नावसुद्धा विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

५८ आणि ५ झाले ६३. जुन्या ठेकेदारानं खरं पत्र दिलं, त्याला हजेरीचा आणि पगाराचा पुरावा जोडता आला, तर अनुभवाचे ४ वाढतात. झाले ६७. बरोबर काठावर.

मुलाचा चेहरा खुलला. पण पुढचंही सांगणं भाग होतं. ६७ गुण म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. त्यानंतर १२०० गुणांची दुसरी क्रमवारी लागते आणि वरच्यांनाच अर्जाचं बोलावणं येतं. २०२४ साली झालेल्या सर्वसाधारण फेऱ्यांत शेवटचा नंबर पाचशेच्या वरच थांबला. या मुलाची बेरीज तीनशेच्या आसपास जाते. इंग्रजी सुधारलं तर ती बरीच वाढते. एखाद्या प्रांतानं आपल्या योजनेतून निवडलं तर एकदम ६०० गुण मिळतात. २०२३ पासून ठरावीक धंद्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही निघतात, त्यात कारागिरांच्या फेऱ्याही झाल्या. वाट आहे, पण ती लांबची आहे आणि खात्रीची नाही.

पैसा कुठला चालतो

तिथं गेल्यावर घर चालवायला पैसे आहेत, हेही दाखवावं लागतं. तिघांच्या कुटुंबाला ही रक्कम जुलै २०२५ मध्ये २३,३६० कॅनडियन डॉलर होती, म्हणजे चौदा-पंधरा लाख रुपये. दरवर्षी ती बदलते. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. उसनवारीचा पैसाही चालत नाही. जमीन गहाण टाकून कर्ज काढलं आणि खात्यात दाखवलं, तर ते कर्जच. जमीन विकून आलेला पैसा मोजतील, पण तो कुठून आला त्याचे कागद मागतील.

आणि हा पैसा एजंटाच्या सहा लाखांहून वेगळा. सरकारी फी एप्रिल २०२४ च्या अखेरीस मोठ्या माणसामागे १,५२५ डॉलर ठरली होती. ती दर दोन वर्षांनी वाढते. नाव नोंदवून रांगेत उभं राहायला मात्र एक पैसाही लागत नाही. ते मुलगा घरी बसून मोबाईलवर करू शकतो.

सल्लागार घ्यायचाच, तर तो कॅनडाच्या सल्लागार परिषदेकडं नोंदलेला किंवा तिथला वकील असावा. पीआरची हमी कोणीच देऊ शकत नाही. या एजंटानं अनुभवाचं पत्र "बनवून देतो" असं सांगितलं होतं. खोटा कागद सापडला तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. नोकरीचं पत्र विकणारेही फिरतात. त्या पत्राचे १२०० च्या क्रमवारीतले जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत.

गेलेली जमीन

शेवटी आबांना एक गोष्ट सांगितली. पीआर मिळाला म्हणजे नागरिकत्व मिळालं असं नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो आणि पाच वर्षांत ७३० दिवस तिथं राहावं लागतं. पण परदेशी कायम राहायला गेलेल्या माणसाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. म्हणजे आज विकलेले वीस गुंठे उद्या मुलानं डॉलर कमावून आणले तरी त्याच्या नावावर परत येणार नाहीत. बांधाला बांध राहिला, तर मात्र तो त्याचाच आहे.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सातबारा वेगळा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि फाईल मुलाच्या हातात दिली.

"रविवारी ठेकेदाराकडं जा. डायरी हाय का बघ त्याच्याकडं. सूनबाई, तू इंग्रजीच्या अभ्यासाला लाग, पोरगीला आम्ही सांभाळतो. आधी गुण होऊ द्यात. गुंठ्याचं मग बघू."